ओढण्याची ताकद

वरोऱ्याच्या आनंदवनात, बाबा आणि साधनाताई आमटे यांनी 1949 मध्ये कुष्ठरोग्यांसाठी सुरू केलेल्या या वसाहतीत, हातमागावर बसलेल्या विणकराचे हात पाहत राहावेत. उजवा हात दोरीला झटका देतो आणि धोटा ताण्यामधून पलीकडे जातो. डावा हात फणी अंगाकडे ओढून बाण्याचा धागा ठोकून बसवतो. त्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आत वळलेली आहेत, ती सरळ होत नाहीत. दोरी त्याने अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत पकडली आहे. तरी हाताची लय चुकत नाही.

स्नायूला एकच काम येते, ते म्हणजे आखडणे. त्याच्या आतले अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांवरून सरकतात, स्नायू आखूड होतो आणि हाडाला ओढतो. जोर मारताना आपण जमीन ढकलतो असे वाटते. प्रत्यक्षात दंडामागचा स्नायू कोपरामागचे हाड ओढतो, म्हणून हात सरळ होतो. वाकवणारा एक आणि सरळ करणारा दुसरा, अशी जोडी असल्याशिवाय हालचाल पुरी होत नाही.

कुष्ठरोग ही जोडी फोडतो. त्याचे जंतू कोपराजवळच्या नसेवर घाला घालतात. तळहातातले छोटे स्नायू बोट मुळाशी वाकवतात आणि पुढचे सांधे सरळ ठेवतात. नस निकामी झाली की ते लुळे पडतात, समोरच्या स्नायूंना अडवणारे कोणी उरत नाही आणि बोटे वाकडी होतात.

यावरचा उपाय पाहताना पारव्याची आठवण होते. त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग पंख खाली खेचणाऱ्या छातीच्या स्नायूंचा असतो. नवल म्हणजे पंख वर उचलणारा स्नायूही छातीतच, खाली असतो. त्याची कंडरा खांद्यातल्या हाडांच्या फटीतून वर जाऊन पंखाला जोडलेली असते. रहाटावरून गेलेल्या दोरासारखी, खाली ओढली की पंख वर येतो.

शल्यविशारदही असेच करतात: शाबूत स्नायूची कंडरा नव्या वाटेने नेऊन लुळ्या बोटाला जोडतात. कुष्ठरोग्यांच्या हातांवर ही पद्धत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी रुजवली. पण शस्त्रक्रियेने काम निम्मेच होते. मनगट उचलणाऱ्या स्नायूला आता बोट हलवायचे आहे, हे मेंदूला शिकवावे लागते. त्यासाठी रोजचा, चिकाटीचा व्यायाम लागतो. तो टाळला तर शस्त्रक्रियेचा फायदा वाया जातो.

वेळेवर औषध मिळाले, तर बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरजच पडत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत आजही नवे रुग्ण आढळतात. अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला तर लपवू नका; प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सहा ते बारा महिन्यांचे औषध तिथे मोफत मिळते.