मेंदूज्वर : हाती असतात ते काही तास

धानाची रोवणी सुरू झाली, की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील कर्ती माणसे दिवसभर बांधीत राबतात आणि लहानगी आजी-आजोबांच्या स्वाधीन असतात. याच पावसाळी दिवसांत कधी एखादा ताप मुलांना गाठतो. सकाळी खेळणारे मूल दुपारी फणफणते, ओकाऱ्या होतात, झटके येतात, शुद्ध हरपते. कधी अठ्ठेचाळीस तासांच्या आत सारे संपते. अशा मृत्यूचे कारण गाव बाहेरबाधेत शोधते. त्याला हसू नये. वैद्यकशास्त्रालाही हे कोडे उलगडण्यास बराच काळ लागला.

१९६५ मध्ये नागपूरनजीकच्या चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू आढळला. गावाचेच नाव त्याला मिळाले. परंतु तो मुलांच्या जिवावर किती उठू शकतो, हे उमगले २००३ मध्ये. तत्कालीन आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली, त्यांपैकी १८३ दगावली. २००७ मध्ये नागपूर विभागात आणि २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा उद्भवला.

हा विषाणू वालुमाशीच्या दंशाने पसरतो. डासाहूनही लहान असलेली ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलाव्यात राहते. म्हणून भेगा लिंपाव्यात, शेणाचा उकिरडा घरापासून दूर ठेवावा, मुलांना अंगभर कपडे घालावेत व औषध लावलेल्या मच्छरदाणीत निजवावे.

चांदीपुरावर लस नाही, रामबाण औषधही नाही. मात्र ताप उतरवणे, झटके थांबवणे, मेंदूची सूज कमी करणे हे उपचार वेळेवर मिळाल्यास मूल वाचू शकते. शिवाय मेंदूचा मलेरियाही असाच दिसतो आणि त्यावर प्रभावी औषध आहे. नेमका कोणता आजार, हे घरी कळणे अशक्य. त्यासाठी रक्ततपासणीच हवी.

तापासोबत झटके, वारंवार ओकारी किंवा गुंगी दिसताच आशाताईंना कळवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. झटका आलेल्या मुलाला कुशीवर वळवावे. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नये. पुजाऱ्याकडे जायचे असल्यास दवाखान्यातून परतल्यावर जाता येईल.

मुलगा-सून बांधीतून येईपर्यंत थांबावे, असे वडीलधाऱ्यांना वाटणे साहजिक आहे. पण त्या वेळी घरात निर्णय घेणारे तेच असतात. तो त्यांनी घ्यावा.