पाठ झालेले सिनेमे

सबमिशन, व्हायवा, पेपर सगळं उरकून सुट्टीला घरी पोचलो की मी हमखास दोन सिनेमे लावतो. हृषिकेश मुखर्जींचा 'गोलमाल' (१९७९) आणि सचिन पिळगावकरांचा 'अशी ही बनवाबनवी' (१९८८). आई म्हणते, "अरे, पाठ झालेत की तुला!" पण पाठ झालेत म्हणूनच तर मजा! शेवट माहीत असला की 'आता काय होणार' हे टेन्शन उरत नाही. सोडवलेलं गणित परत वाचताना प्रत्येक स्टेप का घेतली ते कळतं ना, अगदी तसंच.

दोन्ही सिनेमे चालतात ते एका थापेवर. मिशीच्या जोरावर नोकरी मिळवलेला अमोल पालेकर ती टिकवायला बिनमिशीचा जुळा भाऊ उभा करतो. पुण्यात राहायला जागा मिळेना, म्हणून सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे चक्क साड्या नेसतात. मग एक थाप झाकायला दुसरी, दुसरीला तिसरी! शेवटी सगळं उघडं पडतं, पण कुणी कुणाला तोडत नाही. हायसं वाटतं ते यामुळेच.

गेल्या मे महिन्यात 'गोलमाल' बघताना बाबा पोट धरून हसत होते आणि शेजारी मी एम-थ्रीची केटी लपवून बसलो होतो. सिनेमा संपला आणि सांगून टाकलं. बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "मिशी काढलीस ते बरं केलंस. आता अभ्यासाला लाग."

तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत बघाच. आणि हो, घरच्यांना शेजारी बसवून!