रॅमची चूक दिसत नाही

तालुक्याच्या गावातली एखादी पॅथॉलॉजी लॅब डोळ्यांसमोर आणा. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप सुरू व्हायलाच दहा मिनिटे घेतो. मधूनच पडदा निळा होतो. मग लॅबमधला मुलगा कॅबिनेट उघडतो, रॅमची पट्टी उपसतो, तिची सोनेरी कड खोडरबराने घासतो, पुन्हा दाबून बसवतो आणि यंत्र चालू होते. हा उपचार आपल्याकडच्या सायबर कॅफेंत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि दवाखान्यांत वर्षानुवर्षे चालत आला आहे. शेवटी एक दिवस नवा संगणक घ्यायचे ठरते आणि लॅबच्या डॉक्टर दुकानात जातात.

"दादा, रिपोर्ट टाइप करायचे आणि पेशंटचा डेटा ठेवायचा, बाकी काही नाही."

"मग मॅडम, सोळा जीबी टाकतो. नवीन रॅम आलीय, लाइट लागते, स्पीड एकदम जबरदस्त. बोर्ड काय, कुठलाही चालेल."

दुकानदार फसवत नाही. त्याच्याकडे येणारे बहुतेक गिऱ्हाईक वेगच विचारते, म्हणून तो वेग सांगतो. पण लॅबसाठी संगणक घेताना पहिला प्रश्न वेगळा हवा. ही मेमरी तिच्याकडे ठेवलेली गोष्ट जशीच्या तशी परत देईल का?

रिपोर्टमधले क्रिएटिनिन १.२ आहे असे समजा. संगणक प्रत्येक अक्षर आठ बिटांत, म्हणजे आठ शून्य-एकांत ठेवतो. इंग्रजी '१' तो ००११०००१ असा लिहितो आणि '९' हा ००१११००१ असा. दोहोंत फरक फक्त एका बिटाचा. तो एक बिट उलटला की १.२ चे ९.२ होते आणि धडधाकट माणसाची मूत्रपिंडे कागदावर निकामी ठरतात. तसेच '६' आणि '२' यांचे. रक्तातले पोटॅशियम ६.८ असणे आणि २.८ असणे, दोन्ही जिवावर बेतणारे, पण उपचार अगदी उलटे. (देवनागरी १ आणि ९ यांच्या संकेतांतही नेमका एकाच बिटाचा फरक आहे, तेव्हा मराठीत रिपोर्ट देऊन सुटका नाही.) असा नेमका बिट उलटण्याचा योग दुर्मीळ, हे आधीच सांगायला हवे. थकलेल्या ऑपरेटरची टायपिंगची चूक याहून कितीतरी जास्त वेळा होते. पण ती चूक शोधता येते, कुणाला तरी विचारता येते. मेमरीतली चूक मागे खूण ठेवत नाही.

मेमरी मुळात विसरते कशी, हे पाहिले तर निवड सोपी होते. आजच्या रॅमची मूळ रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट १९६८ चे. एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म कपॅसिटर मिळून एक बिट. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. अडचण अशी, की हा कपॅसिटर झिरपणाऱ्या माठासारखा आहे. भार गळत राहतो. म्हणून डीडीआर४ मेमरीत प्रत्येक बिट साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी वाचून पुन्हा भरावा लागतो. सोळा जीबीच्या मेमरीत असे सुमारे १३ हजार ७०० कोटी माठ असतात आणि सेकंदाला पंधरा वेळा ते सगळे भरले जातात. एवढ्या मोठ्या पाणवठ्यावर एखादा माठ तडकलेला निघाला तर नवल नाही.

बिट बाहेरच्या कारणानेही उलटतो. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमथी मे आणि मरे वूड्स यांनी दाखवले, की चिपच्या वेष्टनात युरेनियम-थोरियमचे अत्यल्प अंश असतात आणि त्यांतून निघणारे अल्फा कण मेमरीतला बिट पालटू शकतात. पुढे वेष्टनाचा माल शुद्ध झाला, पण अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे न्यूट्रॉन कसे थांबवणार? मे २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक इथे एका उमेदवाराला इलेक्ट्रॉनिक मतदानात नेमकी ४,०९६ मते जादा मिळाली. ४,०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, म्हणजे मोजणीतला तेरावा बिट शून्याचा एक झाल्यावर पडणारा फरक. पक्षाच्या यादीला मिळालेल्या मतांपेक्षा उमेदवाराची मते जास्त दिसली म्हणून हे उघडकीला आले. तपासणाऱ्यांना सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही. मेमरीतला बिट आपोआप उलटला असावा, हेच स्पष्टीकरण उरले.

वैद्यकालाही हा प्रकार नवा नाही. हृदयाचे ठोके बिघडल्यावर झटका देणारे डिफिब्रिलेटर शरीरात बसवतात. त्यांच्या मेमरीतही असे बिट उलटतात आणि त्याचे कारण वैश्विक किरणांशी जुळते, असा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर असलेल्या कर्करुग्णाला रेडिओथेरपी देताना न्यूट्रॉन निर्माण करणारे जास्त ऊर्जेचे किरण शक्यतो टाळतात, ते याचमुळे.

आता दुकानात परत येऊ. वैश्विक किरण ऐकायला रंजक असले तरी टेबलाखालच्या संगणकाचा खरा शत्रू वेगळा आहे. गूगलने आपल्या सर्व्हरवरची अडीच वर्षांची नोंद टोरांटो विद्यापीठातल्या बियांका श्रोडर यांच्याबरोबर तपासली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केली. एका वर्षात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या. त्यांत वाटेल तिथे, एकदाच घडणाऱ्या चुकांपेक्षा पट्टीतल्याच कायमच्या दोषाने होणाऱ्या चुकांचा वाटा मोठा होता. ही एका अर्थी चांगली बातमी आहे. आकाशातून येणारा कण अडवता येत नाही. सदोष पट्टी मात्र ओळखता येते आणि बदलून घेता येते.

निवडीची सुरुवात मात्र रॅमपासून नव्हे, बोर्डापासून करावी लागते, कारण कुठली रॅम बसेल हे बोर्डच ठरवतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बोर्ड डीडीआर४ घेतो, एएम५ फक्त डीडीआर५. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात, म्हणून तिथे गोंधळ जास्त होतो. खोक्यावर 'डी४' किंवा डीडीआर४ लिहिले आहे का ते पाहून घ्यावे. दोन्ही पट्ट्यांना २८८ पिनाच असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला गेले तर बोर्ड जातो.

प्रकार जुळला म्हणजे सगळे जुळले असे नाही. रक्तगट जुळला तरी रक्त चढवण्याआधी क्रॉसमॅच करतातच. बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांनीही कुठल्या पट्ट्या कुठल्या बोर्डावर चालवून पाहिल्या, त्याची यादी आपल्या संकेतस्थळावर दिलेली असते. दुकानदाराने सुचवलेल्या पट्टीचा पूर्ण क्रमांक त्या यादीत शोधायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे कुणी देत नाही आणि मग महिनाभराने निळा पडदा येतो.

पट्ट्या दोन घ्याव्यात, एकाच खोक्यातल्या. सोळाची एक घेण्यापेक्षा आठच्या दोन घेतल्या तर मेमरीचे दोन्ही मार्ग वापरात येतात. चार खाचांच्या बोर्डावर त्या साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात; बोर्डाच्या पुस्तिकेत तसे चित्र असते. पुढे वाढवू म्हणून चारही खाचा भरण्याचा बेत डीडीआर५ बाबत फारसा फायद्याचा नाही. रायझन ७००० मालिकेला दोन पट्ट्यांवर अधिकृतपणे ५२०० चा वेग झेपतो, चार पट्ट्या लावल्या की ३६०० चा. पुढे बत्तीस लागणार असतील तर आत्ताच सोळाच्या दोन घेणे शहाणपणाचे.

वेगाच्या आकड्यांचेही थोडे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ३२०० किंवा ६००० असते, शेजारी बारीक अक्षरांत सीएल. मागितलेली माहिती यायला लागणारा वेळ दोन्हींवर अवलंबून असतो: सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की नॅनोसेकंद मिळतात. डीडीआर४ ३२०० सीएल१६ ला १० येतात, डीडीआर५ ६००० सीएल३० लाही १०. एका वेळी जास्त माहिती वाहून नेण्यात नवी पट्टी नक्कीच पुढे आहे, पण रिपोर्ट टाइप करणाऱ्याला तो फरक जाणवणार नाही. शिवाय खोक्यावरचा तो मोठा वेग बहुधा एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय बायोसमध्ये चालू केल्यावरच मिळतो, म्हणजे प्रमाणित मर्यादेच्या पुढे पळवल्यावर. खेळ खेळणाऱ्या मुलाने खुशाल चालू करावी. रुग्णांची नोंद असलेल्या यंत्रात ती बंदच बरी.

मग चुका पकडणारी मेमरी नसते का? असते. बेल लॅब्जमधले रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी यंत्रावर काम लावून जात आणि चूक आढळताच यंत्र ते काम सोडून देई. यंत्राला चूक कळते तर दुरुस्त का करता येऊ नये, या वैतागातून त्यांनी १९५० मध्ये चूक दुरुस्त करणारा संकेत मांडला. ईसीसी मेमरी त्याच तत्त्वावर चालते. पारंपरिक रचनेत ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवतात. एक बिट उलटला तर तो सुधारला जातो, दोन उलटले तर निदान कळते. सर्व्हरमध्ये ती असतेच. डेस्कटॉपवर मात्र प्रोसेसर, बोर्ड आणि पट्टी या तिघांनाही ती मान्य असावी लागते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरना त्यासाठी डब्ल्यू६८० सारखा महागडा चिपसेट लागतो. एएमडीच्या बाजूला काही साध्या बोर्डांवरही ती चालते, पण पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिलेले पाहावे. 'डीडीआर५ मध्ये ईसीसी असतेच' असे दुकानात ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. ती दुरुस्ती चिपच्या पोटातली. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत बिघडलेला बिट तिला दिसत नाही. घरच्या संगणकाला पूर्ण ईसीसीचा खर्च करण्याचे कारण नाही. लॅबच्या, रक्तपेढीच्या किंवा रुग्णालयाच्या नोंदी ज्या एकाच यंत्रात राहणार, तिथे मात्र लाइट लागणाऱ्या पट्टीचे पैसे इकडे वळवावेत.

जाणकारही यात फसतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्या संगणकावर काम मधूनच कोसळू लागले. आधी संशय नव्या सॉफ्टवेअरवर गेला. दोष निघाला रॅमच्या पट्टीत, ज्या यंत्राने आधी दोनेक वर्षे काही तक्रार केली नव्हती.

म्हणून नवा संगणक घरी आणला की विंडोज टाकण्याआधी मेमटेस्ट८६ हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. सकाळी चुकांचा आकडा शून्यच हवा. 'दोनच चुका आल्या, एवढे चालते' असे कुणी म्हणाले तर ऐकू नये; पट्टी बिलासह परत करावी, आणि म्हणूनच बिल घ्यावे. डीडीआर५ चा बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहतो. बोर्ड तेव्हा पट्ट्या पारखत असतो. घाबरून बटण दाबू नये. बायोस अपडेट करायचे असेल तर यूपीएसवरच करावे, कारण ऐन त्या वेळी लाइट गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो.

आणि ती खोडरबराने घासलेली जुनी पट्टी नव्या यंत्रात 'अजून चार जीबी' म्हणून लावू नये. तशी ती बहुधा डीडीआर३ ची असणार. तिच्या पिना २४०, खाचही वेगळी. ती नव्या बोर्डात बसणारच नाही.