दगड ओळखा, मग भाव करा
अग्निजन्य खडक आणि आपला रोजचा व्यवहार

मालवण-कुडाळकडे नवे घर बांधायला निघालेला माणूस एका घरासाठी तीन दगडांचे गिऱ्हाईक होतो. भिंतीला जांभ्याचे चिरे, काँक्रिटला काळ्या दगडाची खडी आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला ग्रॅनाइट. हा माल विकणारे, घडवणारे आणि बसवणारे अनेक जण या पानाचे वाचक आहेत. दगडाची जात ठाऊक नसली की गिऱ्हाईक फसते, दुकानाचे नाव खराब होते आणि कारागिराच्या तर जिवावर बेतते. म्हणून ही थोडी ओळख.

जाती कशा ठरतात?

पृथ्वीच्या पोटातील तप्त रस निवून जे खडक बनतात, त्यांना अग्निजन्य खडक म्हणतात. रस जमिनीवर येऊन लवकर निवाला, तर कण बारीक राहतात. हा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून सह्याद्रीचे घाट याच दगडाचे बनले. रस जमिनीखाली खोलवर सावकाश निवाला, तर कण मोठे होतात आणि नुसत्या डोळ्यांना वेगवेगळे दिसतात. तो ग्रॅनाइट. घाटाच्या काळ्या दगडाहून कितीतरी जुने, ग्रॅनाइटच्या कुळातले खडक आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातही आहेत.

जांभा मात्र थेट आगीतून आलेला नाही. जुन्या खडकाची लाखो वर्षे ऊन-पावसात झीज होऊन, त्यातले लोह मागे राहून तो तयार झाला. तांबडा रंग त्या लोहाचा. खाणीतून निघतो तेव्हा तो मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. म्हणून ताजा चिरा घाईने भिंतीत घालू नये, तो वाळू द्यावा.

काळ्या दगडाची कामे

रस्ता, स्लॅब आणि रुळांखालची खडी, सगळीकडे काळा दगड लागतो. खडीचा व्यवहार ब्रासवर, म्हणजे 100 घनफुटांवर चालतो. सुट्या खडीचा एक ब्रास साधारण साडेचार टन भरतो. हा हिशेब लक्षात ठेवला, तर गाडीत माल किती आला याचा अंदाज घेता येतो.

पाटा-वरवंटा, जाते आणि खलबत्ता हे काळ्या दगडाचे जुने धंदे. पाटा घेताना बारीक, एकसारख्या कणांचा घ्यावा. पांढरे ठिपके किंवा पोकळ्या असलेला दगड टाळावा, कारण ते ठिपके झिजून पडतात आणि खळगीत मसाला अडकून राहतो. दगडावर हलकेच ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर दगड सलग, बद्द आला तर आत चीर समजावी. नव्या किंवा टाकी लावलेल्या पाट्यावर आधी एकदोनदा तांदूळ वाटून टाकून द्यावेत, म्हणजे कच निघून जाते.

मिक्सर आल्यापासून या कामाला उतरती कळा लागली हे खरे. पण कोईमतूरच्या कारागिरांनी दगडी रगड्याला विजेची मोटर जोडून वेट ग्राइंडरचा मोठा धंदा उभा केला. जुनी वस्तू नव्या रूपात आणली, तर दगडाला आजही मागणी आहे.

‘काळा ग्रॅनाइट’ ग्रॅनाइट नव्हे

बाजारात पॉलिश होणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कठीण दगडाला ग्रॅनाइट म्हणतात. कर्नाटकातील इलकलचा तांबूस दगड खरा ग्रॅनाइट आहे. पण आंध्रातील ओंगोलजवळचा, सोनेरी ठिपक्यांचा काळा ‘गॅलेक्सी’ शास्त्राने ग्रॅनाइट नव्हे, तो बेसाल्टच्या कुळातला गॅब्रो. ओट्यासाठी दोन्ही उत्तम, त्यामुळे हे नाव वापरणे म्हणजे लबाडी नव्हे. लबाडी होते ती फिक्या दगडाला रंग चढवून काळा म्हणून विकण्यात. पांढऱ्या फडक्यावर नखांचे रंग काढण्याचे अ‍ॅसिटोन घेऊन कोपरा पुसावा. फडके काळे झाले, तर माल परत करावा.

ओटा संगमरवराचा की ग्रॅनाइटचा, हा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. संगमरवर चुन्याच्या जातीचा. त्यावर कोकम, चिंच किंवा लिंबू सांडले की आम्लाने चकाकी जाते आणि डाग कायमचा राहतो. ग्रॅनाइटला या आम्लाचे भय नाही. ओळखायला सोपे: न दिसणाऱ्या बाजूवर चाकूच्या टोकाने रेघ ओढावी. संगमरवरावर चरा पडतो, ग्रॅनाइटवर पडत नाही. वजनाचाही हिशेब ठेवावा. 18 मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला सुमारे साडेचार किलो भरतो. म्हणजे 20 चौरस फुटांचा ओटा नव्वद किलोंचा. आधार भक्कम नसेल, तर दोष दगडाचा नाही, बसवणाऱ्याचा.

धुळीला हलके समजू नका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काळ्या दगडात गारगोटी जवळजवळ नसते, खऱ्या ग्रॅनाइटमध्ये मात्र ती साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी असते. या गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. या रोगावर औषध नाही, उपाय तो फक्त टाळण्याचा. जांभा आणि काळा दगड घडवता घडवता ग्रॅनाइट कापण्याकडे वळलेल्या कारागिराला हा धोका कोणी सांगत नाही, कारण हत्यार आणि हात तेच असतात. बाजारात आलेल्या कृत्रिम ‘क्वार्ट्झ’ स्लॅबमध्ये तर नव्वद टक्क्यांपर्यंत गारगोटी असते. अशा दगडाच्या धुळीने तरुण कारागीर आजारी पडल्यामुळे ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदी घातली.

कटरवर पाण्याची धार ठेवावी, सुके कापू नये. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. त्यासाठी बारीक धूळ गाळणारा मास्क हवा. कामानंतर कपडे झटकू नयेत, धुवावेत. कंत्राटदाराने हा खर्च दरातच धरावा. फुटलेला स्लॅब बदलून मिळतो, कारागिराचे फुप्फुस मिळत नाही.