गृहनिर्माण संस्था आणि प्राप्तिकर

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत प्राप्तिकराचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेले असते : ‘संस्था नफ्यासाठी नाही, मग कर कसला?’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. अशा संस्थांना सरसकट करमाफी देणारी तरतूद कायद्यात नाही. करातून सुटते ते संस्थेचे विशिष्ट उत्पन्न, संस्था नव्हे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये नोंदलेली संस्था ही सभासदांहून वेगळी अशी कायदेशीर व्यक्ती असते. तिचा पॅनही स्वतंत्र असतो. म्हणूनच संस्थेची ठेव सचिवांच्या वैयक्तिक नावे ठेवणे दोघांनाही अडचणीत आणणारे ठरते.

सूट मिळते ती परस्परतेच्या तत्त्वामुळे. वर्गणी देणारे आणि तिचा लाभ घेणारे एकच असतील, तर शिल्लक हा नफा नव्हे. स्वतःपासून स्वतःला नफा होत नाही. देखभाल वर्गणी या तत्त्वात सहज बसते. वाद होता तो हस्तांतरण शुल्क व बिनभोगवटा शुल्क यांविषयी. व्यंकटेश प्रिमायसेस संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो संस्थांच्या बाजूने मिटवला.

बँकेतील ठेवीवरील व्याजाची गोष्ट मात्र निराळी. बंगलोर क्लबच्या प्रकरणात ठेवी ज्या बँकांत होत्या, त्या बँका क्लबच्या सभासदच होत्या. तरीही २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याज करपात्र ठरवले. कारण बँक तो पैसा बाहेरच्यांना कर्जाऊ देते आणि तेथे परस्परतेचा धागा तुटतो. मोबाइल मनोऱ्याचे भाडेही बाहेरच्याकडूनच येते, तेही करपात्रच.

व्यक्तीप्रमाणे सहकारी संस्थेला किमान करमुक्त मर्यादा नाही. पहिल्या १०,००० रुपयांवर १०, पुढील १०,००० रुपयांवर २० आणि त्यावर ३० टक्के, असे नेहमीचे दर आहेत. वजावटीविना एक लाख रुपये व्याजावर उपकरासह २८,०८० रुपये कर होतो. बँकेने १० टक्क्यांनी कापलेले १०,००० रुपये म्हणजे सगळा कर भरला, अशी समजूत बाळगणाऱ्या खजिनदाराला उरलेली रक्कम पुढे सव्याज भरावी लागते.

बँकेच्या मासिकात सांगणे काहीसे अवघड असले, तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. अन्य सहकारी संस्थेतील गुंतवणुकीच्या व्याजावर १९६१ च्या कायद्याच्या कलम ८०-पी नुसार वजावट आहे. राष्ट्रीयीकृत बँकेच्या व्याजावर ती नाही. सहकारी बँकांच्या व्याजालाही ती अनेक न्यायाधिकरणांनी मान्य केली आहे, मात्र प्राप्तिकर खात्याने त्यावर वेळोवेळी आक्षेप घेतले आहेत. अपार्टमेंट मालकी कायद्याखालील सदनिकाधारकांचा संघ सहकारी संस्था नसल्याने त्याला ही वजावट मुळीच नाही. आणि विवरणपत्र मुदतीत दाखल झाले नाही, तर हक्काची वजावटही हातची जाते.