गोळी मलेरियाची, दोष पेशीतला

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कामासाठी ठिकठिकाणची माणसं येतात. थंडीताप आला, रक्तात व्हायवॅक्स मलेरिया निघाला, की प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स ठरलेला. यकृतात दडलेला जंतू त्याने मरतो. पण एखाद्याचे डोळे दोन-तीन दिवसांतच पिवळे होतात, लघवी गडद तपकिरी होते, धाप लागते. त्याच्या तांबड्या पेशींत जी६पीडी हे एन्झाइम जन्मापासून कमी असतं.

तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात. तिचं सगळं भागतं ते ग्लुकोजवर. बहुतेक ग्लुकोज ऊर्जेच्या कामी येतं. थोडं दुसऱ्या वाटेला वळतं, त्या वाटेच्या तोंडाशीच जी६पीडी असतं. तिथून मिळणारं एनएडीपीएच हिमोग्लोबिनला ऑक्सिडीकरणापासून वाचवायला लागतं. इतर पेशी ते आणखी मार्गांनी मिळवतात, तांबडीला ती सोय नाही. एन्झाइम अपुरं आणि त्यात प्रायमाक्विनचा मारा, मग हिमोग्लोबिनच्या गाठी होऊन आवरणाला चिकटतात. प्लीहेत त्या उपटल्या जातात. सूक्ष्मदर्शकाखाली कडेचा चावा घेतल्यासारख्या पेशी दिसतात. बऱ्याच पेशी फुटूनच जातात.

प्रायमाक्विनचा हा त्रास कशाने होतो ते शोधताना १९५६ साली अमेरिकेत एन्झाइमचा दोष उघड झाला. आपल्याकडे १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात सापडलेल्या प्रकाराला ‘जी६पीडी कल्याण’ नाव मिळालं. केरळचा प्रकार वेगळा मानला जाई. १९९२ मध्ये जनुक तपासलं तेव्हा दोन्हींत बदल एकच निघाला, ३१७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुख्यतः पुरुषांना होतो.

घरातही जपायला हवं. डांबरगोळ्या घालून ठेवलेली झबली-दुपटी हा दोष असलेल्या बाळाला तशीच गुंडाळली, तर त्यातल्या नॅप्थलिनने कावीळ विकोपाला जाऊ शकते.

रक्ताची साधी तपासणी हा दोष दाखवते. ती पहिल्या गोळीच्या आधी व्हावी आणि गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळावी, असं मला ठामपणे वाटतं. त्रास झाल्यावर लगेच केली तर ती फसवूही शकते. तांबड्या पेशीला केंद्रक नाही, नवं एन्झाइम बनवता येत नाही, म्हणून जुन्या पेशी आधी फुटतात. उरलेल्या कोवळ्या पेशींत एन्झाइम तुलनेने जास्त असतं आणि अहवाल ‘नॉर्मल’ येतो. अशा वेळी सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं.