वाहन चालविणाऱ्या शेतकऱ्याची बारमाही सावधगिरी

आभाळाचा रंग पाहून कामास हात घालावा, ही रीत शेतकऱ्यास कोणी शिकवावी लागत नाहीं. भात केव्हां पेरावें, पोफळींस शिंपणें केव्हां सुरू करावें, हें तो ऋतूवरून ठरवितो. परंतु तोच शेतकरी मोटारसायकल, टेंपो किंवा ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आला, म्हणजे बाराही महिने एकाच वेगानें व एकाच भरंवशानें चालतो. शेतीप्रमाणें रस्त्यालाही ऋतु आहेत, याकडे वाचकांचें लक्ष वेधावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

उदाहरणादाखल श्रीवर्धन तालुक्यांतील दिवेआगर गांव घेऊं. तेथील बागायतदारास कामाकाजासाठीं मुंबईकडे जावयाचें, तर बोर्लीपंचतन, म्हसळा व माणगांव असा मार्ग धरावा लागतो. आरंभीं वाड्यांमधील अरुंद वाट, मग डोंगरांतील वळणें, आणि शेवटीं मुंबई-गोवा महामार्गावरील अवजड वाहनांची वर्दळ, असे तीन तऱ्हेचे रस्ते एकाच खेपेंत लागतात. एका रस्त्यावरील संवय दुसऱ्यावर घात करते.

पावसाळा.— पहिल्या सरींत रस्ता अतिशय निसरडा होतो. कारण उन्हाळाभर सांचलेली धूळ व तेल यांचा पाण्याशीं लेप बनतो. म्हणून मे महिना सरण्यापूर्वींच टायर, ब्रेक, वायपर व दिवे तपासून घ्यावे. मोटारीच्या टायरवरील खांचा १.६ मिलिमीटरपेक्षां कमी खोल उरल्या, तर तो टायर कायद्यानेंही बाद ठरतो. ओल्या रस्त्यावर पुढील वाहनापासून दुप्पट अंतर राखावें. मोरीवरून पाणी वाहत असेल, तर गाडी घालूं नये. फूटभर वाहतें पाणीही लहान मोटारीस बाजूला ढकलूं शकतें, आणि पाण्याखालीं रस्ता शिल्लक आहे कीं नाहीं, हें वरून कळत नाहीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानींतील पूल पुरांत कोसळला, आणि एस. टी.च्या दोन गाड्या उतारूंसह नदींत गेल्या. यांत चालकांचा दोष काढतां येणार नाहीं. परंतु पूर आणि अंधार एकत्र आले असतां निघण्याचेंच लांबणीवर टाकावें, हा धडा त्यांतून घेण्याजोगा आहे.

दुसरी घटना तर शेतकऱ्यांच्या जिव्हाळ्याची आहे. २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरकडे जात असतां आंबेनळी घाटांत दरींत कोसळली व सुमारें तीस जण प्राणांस मुकले. कोंकणच्या शेतीची सेवा करणारीं इतकीं माणसें एका सकाळींच नाहींशीं झालीं. पावसाळ्यांत घाटाची कड, धुकें व भिजलेली माती यांचा विश्वास धरूं नये. ज्या गियरमध्यें घाट चढावा लागतो, त्याच गियरमध्यें तो उतरावा. सारा भार ब्रेकवर टाकल्यास ते तापून निकामी होतात.

हिवाळा.— भात झोडून झालें व सुपारी उतरूं लागली, म्हणजे मालाच्या खेपा वाढतात. पहाटे खोलगट भागीं धुकें असतें. त्यांत दिव्याचा मोठा झोत उलट चालकाचेच डोळे दिपवितो. तो खालीं ठेवावा. ट्रॉलीस व बैलगाडीस मागें तांबडी चमकणारी पट्टी अवश्य लावावी. मजुरांस मालाच्या पोत्यांवर बसवून नेणें बेकायदेशीर तर आहेच, परंतु निष्ठुरपणाचेंही आहे.

उन्हाळा.— सुट्टीच्या दिवसांत किनाऱ्यावर पाहुण्यांच्या मोटारी येतात. आपणांस वळणें पाठ असतात, समोरच्यास नसतात. म्हणून वळणावर तो आपल्या बाजूस येईल, असें धरूनच चालावें. दिवसभर राबून रात्रीं आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीच्या बाजाराकडे निघणारांस झोप हा मोठा शत्रु आहे. तोंडावर पाणी मारल्यानें ती जात नाहीं. गाडी सुरक्षित जागीं लावून पंधरा-वीस मिनिटें डोळा लावणें हाच खरा उपाय होय.

सर्व ऋतूंस लागू असा एक हिशेब ध्यानांत ठेवावा. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच इतकें अंतर सरतें. वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी उभी राहीपर्यंतचें अंतर चौपट होतें. घाईनें वांचतात तीं चार-दहा मिनिटें. त्यांसाठीं पणास लागतो तो जीव.

वाडी जवळच आहे म्हणून शिरस्त्राण घरीं ठेवूं नये. पट्टा बांधल्याखेरीज मोटार सुरू करूं नये. अपघात दिसल्यास १०८ या क्रमांकावर कळवावें. जखमीस सद्भावनेनें मदत करणारास २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्याचें संरक्षण मिळालें आहे.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत दिवेआगरच्या कित्येक नारळी-पोफळी आडव्या झाल्या. बागायतदारांनीं पुन्हां रोपें लावलीं. तीं कालांतरानें फळतात. घरचा कर्ता माणूस रस्त्यावर गेला, तर त्याच्या जागीं दुसरें रोप लावतां येत नाहीं. यास्तव वेळेवर पोंचण्यापेक्षां वेळेवर थांबणें ज्यास साधलें, तोच चांगला चालक समजावा.